एका दिवसाला एकच राउंड

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. छत्रपती संभाजीनगरात पर्यटनाच्या धंद्यात शिरणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हे दोन वार पाठ होतात. पाहुणा सोमवारी उतरला आणि त्याला शंभर किलोमीटरवर अजिंठ्याला नेलं, तर बंद दारापाशी लेण्यांचं वय सांगून काही उपयोग नसतो. मीही हे काम याच क्रमानं शिकले. आधी वार बघायचा, मग अंतर, मग बरोबरची माणसं, आणि पैशांचं बोलणं सगळ्यात शेवटी. कित्येक वर्षं बाहेरून येणाऱ्यांना आपलं शहर दाखवलं. पुढं इथल्याच लोकांना बाहेर न्यायचं काम हातात आलं, त्यात दिल्लीच्या गोल्फच्या सहली आल्या, आणि ती जुनी शिस्त तिथंही जशीच्या तशी लागू पडली.

संभाजीनगरचे लोक गोल्फ खेळायला दिल्लीला जातात, हे ऐकून पुण्या-मुंबईकडचे लोक दोनदा विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींवर हे शहर वाढलं. १९८०च्या दशकात बजाज ऑटो वाळूजला आली, २००१मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला, आणि अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे कितीतरी लहान-मोठे कारखाने उभे राहिले. त्यांचे मालक माल दाखवायला जर्मनी, जपान, कोरियाला जाऊ लागले. तिकडचा खरेदीदार सुट्टीच्या दिवशी गोल्फला बोलावतो. पहिल्यांदा माणूस नुसता बरोबर चालतो, दुसऱ्यांदा काठी हातात घेतो, आणि परत आल्यावर पुण्यात कामाला गेलं की तास-दोन तास शिकायला जायला लागतो. शिवाय एकत्र मिळून काही करायची या शहराला आवड आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये इथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. देशभर बातमी झाली होती. गोल्फचंही तसंच झालं. एक शिकला, त्यानं दोघांना ओढलं, आणि एक दिवस माझ्या टेबलासमोर आठ जण बसले होते. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "ताई, दिल्लीचं बघा. चार दिवस. घरचे पण येणार आहेत."

दिल्लीच का, तर त्यालाही कारण आहे. मुंबई समृद्धी महामार्गामुळं जवळ आली आहे, पण तिथले जुने गोल्फ क्लब बहुतेक सदस्यांचे. शिवाय मुंबईला आपल्या लोकांचं कामानिमित्त इतकं जाणं-येणं असतं, की घरच्यांना ती सहल वाटतच नाही. दिल्लीत मात्र तास-दीड तासाच्या टापूत जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंनी आखलेली मैदानं आहेत. गुरुग्रामला डीएलएफच्या मैदानाची पहिली आखणी अर्नोल्ड पामर यांची, नंतरची गॅरी प्लेअर यांची. ग्रेटर नोएडाला जेपी ग्रीन्सचं मैदान ग्रेग नॉर्मन यांचं. मानेसरच्या पुढं क्लासिकचं मैदान जॅक निकलस यांचं. शहराच्या मध्यावर, झाकीर हुसेन मार्गाला लागून, जुना दिल्ली गोल्फ क्लब. दक्षिणेला लाडो सरायमध्ये कुतुब गोल्फ कोर्स. आणि या सगळ्यांच्या मधोमध देशाची राजधानी, तिचे बाजार, मकबरे, संग्रहालयं, खाणं. एकाच सहलीत इतकं देणारं दुसरं शहर मला भारतात माहीत नाही. बंगळुरूलाही मैदानं उत्तम आहेत, हवा तर दिल्लीपेक्षा कितीतरी चांगली, पण खेळून झाल्यावर आजी-आजोबांना दाखवायला दिल्लीइतकं तिथं सापडत नाही.

गिऱ्हाईक येतं ते यादी घेऊनच. चार दिवसांत सहा राउंड, एक दिवस आग्रा, एक संध्याकाळ चांदणी चौक, लाल किल्ला, इंडिया गेट, सरोजिनी नगरची खरेदी. ही यादी मी शांतपणे ऐकून घेते आणि मग कागदावर एका राउंडचे तास मांडते. अठरा होल खेळायला चार जणांच्या गटाला चार ते साडेचार तास लागतात. त्याआधी पाऊण तास तरी मैदानावर पोचायचं, हातपाय मोकळे करायचे, रेंजवर चार चेंडू मारायचे. नंतर अंघोळ, जेवण, आणि जेवताना प्रत्येक होलची उजळणी, जी खेळणाऱ्या माणसाकडून कुणीही काढून घेऊ शकत नाही. त्यात दिल्लीची रहदारी. हॉटेलच्या दारातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंत सात तास गेले. शिवाय सहा-सात किलोमीटर तरी चालणं झालेलं असतं. पन्नाशीचा माणूस दुपारी दुसरा राउंड खेळू शकतो, पण मग संध्याकाळी तो चांदणी चौकात नसतो, हॉटेलच्या खोलीत गुडघ्याला मलम लावत असतो. म्हणून एका दिवसाला एकच राउंड. या एका गोष्टीवर मी कधीही तडजोड करत नाही, आणि त्यामुळं काही गिऱ्हाईकं सोडलीही आहेत.

आता वार. दिल्लीत लाल किल्ला सोमवारी बंद, राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही सोमवारी बंद. गोल्फची बरीच मैदानंही गवताच्या देखभालीसाठी सोमवार राखून ठेवतात. म्हणजे अजिंठ्याचा वार तिथंही लागू. म्हणून आमचा प्रवासाचा दिवस सोमवार. त्या दिवशी विमानानं पोचायचं, सामान टाकायचं, आणि संध्याकाळी कुतुबमिनार किंवा हुमायूनचा मकबरा बघायचा, कारण ही दोन्ही ठिकाणं रोज उघडी असतात. मंगळवार ते शुक्रवार खेळ. शनिवार-रविवारी सदस्यांची गर्दी असते, बाहेरच्यांना सकाळची वेळ मिळत नाही आणि मिळाली तर फी जास्त पडते. कारखानदाराला आठवड्याच्या मधले चार दिवस काढणं जड जातं, हे मला माहीत आहे. पण रविवारी अकराच्या उन्हात पहिला चेंडू मारण्यापेक्षा बुधवारी सातला मारलेला केव्हाही चांगला.

हंगामाचंही तसंच. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी म्हणजे धुकं. सकाळी फेअरवेवर पन्नास पावलांवरचं दिसत नाही, मारलेला चेंडू कुठं गेला ते कॅडीलाही कळत नाही, आणि मैदानवाले धुकं विरेपर्यंत कुणाला सोडत नाहीत. सातचा राउंड दहाला सुरू झाला की सगळा दिवस सरकतो. विमानांचे हाल वेगळेच. त्यात प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यात संचलनाच्या सरावासाठी दिल्लीचं आकाश सकाळी ठरावीक वेळ विमानांना बंद असतं, निम्मे रस्तेही वळवलेले असतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरभर हवा अशी असते, की मोकळ्यावर चार तास चालायला लावणं मला पटत नाही. मे-जूनबद्दल बोलायलाच नको. राहतात ते फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च. तेव्हा सातच्या सुमाराला उजाडतं, ऊन कोवळं असतं, पळस आणि सावरी फुललेली असते, अमृत उद्यानही उघडं असतं. मुलांच्या परीक्षा याच दिवसांत असतात, ही अडचण खरीच. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत किंवा अजून शाळेत गेलेली नाहीत, अशाच घरांना मी गोल्फची सहल आधी सुचवते.

खेळाच्या सामानाचा प्रश्न दिसायला लहान आणि प्रत्यक्षात मोठा. नियमानं एका खेळाडूला चौदा काठ्या नेता येतात. त्या, चेंडू, बूट, छत्री असं सगळं धरून एक पिशवी बारा ते पंधरा किलोंची होते. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर सामानाची मुभा साधारण पंधरा किलोच असते, आणि काठ्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. म्हणजे खेळणाऱ्याच्या सगळ्या मुभेवर पिशवीच बसते, कपड्यांना जागा उरत नाही. तिकीट काढतानाच जादा सामानाचे पैसे भरले तर ते बरंच स्वस्त पडतं. अंतर मोजायच्या दुर्बिणीतली बॅटरी मात्र हातातल्या पिशवीत ठेवायची. दिल्लीत उतरल्यावर आठ खेळणारे आणि आठ न खेळणारे असतील, तर सोळा जणांची गाडी पुरत नाही. आठ पिशव्या मागच्या दोन रांगा खातात. काही जण सचखंड एक्सप्रेसनं जातात. दुपारी आपल्या स्टेशनावर बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिल्ली. पिशव्या बर्थखाली जातात, कुणी वजन करत नाही, वाटेत स्टेशनांवर लंगरचा प्रसाद मिळतो. वेळ असेल त्यांनी हा प्रवास जरूर करावा. आजोबा-आजींना तर विमानापेक्षा हाच आवडतो.

एवढं झाल्यावर खरं काम सुरू होतं. ते म्हणजे मैदान आणि शहर यांची जोडी लावणं. मैदान एका टोकाला आणि दुपारचं बघणं दुसऱ्या टोकाला असलं की दिवस गाडीत जातो. म्हणून ज्या भागात खेळायचं त्याच भागातली दिल्ली त्या दिवशी बघायची. लाडो सरायच्या कुतुब मैदानावर खेळले, तर दुपारी मेहरौली. तिथून मेट्रोची पिवळी लाइन थेट चांदणी चौकात जाते, वाटेत आयएनएला दिल्ली हाट. गाडी नको, पार्किंग नको. ग्रेटर नोएडाला खेळायचं, तर त्याच रात्री आग्र्याला जायचं, कारण १६५ किलोमीटरचा यमुना एक्सप्रेस-वे तिथूनच सुरू होतो. शहरातून निघून परत त्याच बाजूला येण्यात काही अर्थ नाही. गुरुग्रामचं मैदान शेवटच्या दिवशी, कारण विमानतळ जवळ. आणि शहराच्या पोटातला दिल्ली गोल्फ क्लब ज्या दिवशी, त्या दिवशी हुमायूनचा मकबरा, सुंदर नर्सरी आणि निजामुद्दीन.

या शेवटच्या जोडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती मला सगळ्यात प्रिय आहे.

दिल्ली गोल्फ क्लबात बाहेरच्या माणसाला सहज जाता येत नाही. सदस्याबरोबर पाहुणा म्हणून किंवा क्लबच्या नियमांत बसेल त्या मार्गानं आधी परवानगी घ्यावी लागते, आणि हँडिकॅपचा, म्हणजे आपल्या खेळाच्या पातळीचा, दाखला सोबत असलेला बरा. अठरा होलचा लोधी कोर्स आणि नऊ होलचा पीकॉक कोर्स अशी दोन मैदानं आहेत. लोधी कोर्सची नवी आखणी २०१९मध्ये गॅरी प्लेअर यांनी केली. फेअरवे अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी झाडोरा. तिकडं गेलेला चेंडू शोधायच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही. मोर चेंडूच्या वाटेतून संथ चालत जातात. आणि झाडांमधून जुन्या कबरी, घुमट दिसत राहतात. त्यातला तांबड्या दगडातला लाल बंगला हा उत्तर मुघल काळातला मकबरा. मी स्वतः खेळत नाही, पण आमच्या मंडळींबरोबर अठरा होल चालले आहे. ज्या मैदानावर गिऱ्हाईकाला पाठवायचं ते पायाखाली घालायचं, हा माझा नियमच आहे. चालताना सारखं वाटत होतं, की या खेळाला त्या घुमटांनी जागा दिली आहे, तर खेळणाऱ्यांनी निदान त्यांची नावं तरी माहीत करून घ्यावीत. तेव्हापासून आदल्या रात्री जेवताना मी दहा मिनिटं त्याबद्दल सांगते. कुणी कंटाळत नाही.

पुरुष मंडळी खेळत असतात तेव्हा बाकीचे हुमायूनच्या मकबऱ्यात असतात. आपल्या शहरातला माणूस तो मकबरा वेगळ्या डोळ्यांनी बघतो. चार भागांची बाग, मधले पाण्याचे पाट, उंच चौथरा, वर घुमट. हे सगळं त्यानं लहानपणापासून बीबी का मकबऱ्यात पाहिलेलं असतं. हुमायूनचा मकबरा १५७०च्या सुमाराचा, आपला त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १६६०च्या सुमाराला बांधलेला. मधे ताजमहाल. आपली माणसं ताजमहाल बघून आलेली असतात, पण या तिघांची रांग लावून त्यांना कुणी दाखवलेली नसते. ती लावून दिली की लहान मुलंही फरक शोधायला लागतात. दारा शुकोहला याच आवारात पुरलं, आणि त्याचा भाऊ औरंगजेब आपल्या खुलताबादला. दोन भावांच्या कबरींमधलं अंतर मी नकाशावर दाखवते.

मकबऱ्यापासून चालत निजामुद्दीन. एका सहलीत ग्रुपमधल्या एका डॉक्टरांच्या आई होत्या, सत्तरीच्या पुढच्या, माहेर खुलताबादचं. दरवर्षी हनुमान जयंतीला भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्या. दिल्लीत त्यांना फारसा रस नव्हता, मुलगा म्हणतो म्हणून आल्या होत्या. दर्ग्याच्या गल्लीत गुलाबाच्या पाकळ्यांच्या टोपल्यांजवळ थांबून मी त्यांना सांगितलं, की हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इथून दक्षिणेत आले आणि त्यांची समाधी खुलताबादला आहे. औलियांची संभाषणं लिहून ठेवणारे कवी अमीर हसन सिज्झी, त्यांचीही कबर तिथंच. १३२७मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या काळात ही माणसं आपल्याकडं आली. आजी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी हे आपल्या खुलताबादचंच की गं." पुढचे दोन दिवस त्या सगळ्यांच्या पुढं चालत होत्या. आपल्याकडं राजधानी आली होती आणि परतही गेली, हे आपण शाळेत तुघलकाच्या लहरीपणाची गोष्ट म्हणून शिकतो. पण त्या येण्या-जाण्यात माणसं, भाषा, खाणं मागं राहिलं. आपल्या शहराचा नानखलियाही तुघलकाच्या फौजेबरोबर आला, असं सांगतात. दिल्लीत फिरताना हे सगळं हाताशी लागतं, म्हणूनच संभाजीनगरच्या माणसाला दिल्ली दाखवणं सोपं आहे.

न खेळणाऱ्यांचा विचार आधी झालाच पाहिजे. बहुतेक ग्रुपमध्ये निम्मी माणसं मैदानावर जात नाहीत, आणि त्यात बायका जास्त. एका मीटिंगमध्ये टी-ऑफच्या वेळा, कॅडी, नाश्ता असं सगळं ठरून गेलं, तेव्हा एका घरच्या सूनबाई म्हणाल्या, "ताई, ह्यांचं सगळं ठरलं. आमचं काय ठरलं?" हा प्रश्न आता मीच सुरुवातीला विचारते. त्यांची गाडी वेगळी, त्यांचा कार्यक्रम वेगळा, आणि दुपारच्या जेवणाला सगळे एकत्र. पुरुषांचा राउंड लांबला म्हणून बायकांनी गाडीत वाट बघत बसायचं नाही. शिवाय ज्यांना इच्छा असेल त्यांच्यासाठी एक संध्याकाळ ड्रायव्हिंग रेंजवर. कुतुबच्या मैदानाला रेंज आहे. फी भरायची, चेंडूंची टोपली घ्यायची, शिकवणारा असतो. त्याच सूनबाईंनी तिथं पहिल्या दहा-बारा चेंडूंनंतर असा एक मारला, की शेजारच्या पट्टीवरचे लोक थांबून बघायला लागले. ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक अगदी थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. त्या शनिवारी सकाळी कितीतरी घरांत पहिल्यांदाच टीव्हीवर गोल्फ लागलं होतं. सूनबाईंनीही ते पाहिलं होतं. आता त्या पुण्यात शिकतात.

कॅडींबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. गिऱ्हाईकांच्या दृष्टीनं कॅडी म्हणजे पिशवी उचलणारा माणूस. मैदानावर चालल्यावर मला दिसलं, की त्या जागेचं खरं ज्ञान त्याच्याकडं आहे. वारा, गवताची दिशा, ओल, कुठल्या बंकरमधली वाळू घट्ट आहे, हे सगळं त्याला पाठ असतं. एका ग्रीनवर आमच्या मंडळींपैकी एक जण पटसाठी वाकले होते. डोळ्याला चढ उजवीकडं दिसत होता. कॅडी शांतपणे म्हणाला, "साहब, सुबह यहाँ पानी लगता है तो बाएँ को बहता है." चेंडू त्यानं सांगितलं तसाच वळला. पहाटे गवताला पाणी घालताना ते कुठं वाहतं, हे तो रोज बघत होता. कुठल्याही दुर्बिणीत हे दिसत नाही. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१मध्ये त्याच मैदानावर इंडियन ओपन जिंकली, आणि १९९३मध्ये पुन्हा. ही गोष्ट मी प्रत्येक ग्रुपला सांगते. कॅडीची फी ग्रीन फीपेक्षा वेगळी असते, बहुतेक ठिकाणी ती रोख द्यायची असते, आणि वर खुशीनं काही द्यायची रीत आहे. ती रक्कम मी पहिल्याच दिवशी पाकिटांत घालून मंडळींच्या हाती देते, म्हणजे शेवटच्या होलवर सुट्या पैशांवरून घुटमळणं होत नाही. चार तास बरोबर चाललेल्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारा, एवढंही सांगते.

पाण्याचा विचार मनातून जात नाही. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, जिथं उन्हाळ्यात नाथसागर जलाशयातल्या पाण्याची टक्केवारी रोज पेपरात वाचली जाते, तिथल्या माणसाला हिरव्यागार ग्रीनवर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो, की हे पाणी कुठलं. वाळूजच्या एका कारखानदारांनी मला हे सगळ्यात आधी विचारलं होतं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता. गवताची मैदानं पाणी पितात, हे लपवण्यात अर्थ नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरलं तर तो खर्च परवडणारा आहे, पिण्याचं पाणी वापरलं तर नाही. मी कुठल्याही मैदानाशी पहिल्यांदा बोलताना हा प्रश्न विचारते, आणि दोन मैदानांत निवड करायची वेळ आली की उत्तर कुठून सरळ मिळालं ते बघते. गिऱ्हाईकांनीही विचारावं. पैसे देणाऱ्यानं विचारलं की फरक पडतो.

दिल्लीहून परतताना ग्रुपमध्ये दरवेळी एक बोलणं निघतं, की आपल्याकडं असं काहीतरी व्हायला हवं. अठरा होलच्या मैदानाचं स्वप्न कुणी बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मराठवाड्यात ते शोभणार नाही. पण सार्वजनिक ड्रायव्हिंग रेंजला थोडी जागा आणि थोडंच गवत पुरतं, ते कारखान्यांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर वाढू शकतं. लाडो सरायचं मैदान दिल्ली विकास प्राधिकरणानं २०००मध्ये सार्वजनिक म्हणून उघडलं. तिथं सदस्याची ओळख लागत नाही, फी भरली की माणूस आत जातो, आणि शाळेतली मुलं संध्याकाळी तिथं शिकताना दिसतात. ज्या मंडळींनी एकत्र येऊन १५० गाड्या घेतल्या, त्यांना शेंद्र्याला किंवा वाळूजला अशी एक रेंज उभी करणं मुळीच अवघड नाही. तिचे दर परवडणारे ठेवा, आठवड्यातली एक संध्याकाळ शाळांसाठी मोकळी ठेवा, आणि शिकवायला दिल्ली-पुण्याच्या एखाद्या जुन्या कॅडीला मानानं बोलवा. मैदानांच्या ओळखी, दर आणि वेळा माझ्याकडं आहेत. त्या मी कुणालाही देईन, पैसे न घेता.